जुन्या विज्ञानकथा मालिका पुन्हा पाहताना: प्रत, क्रम आणि वेग यांविषयी नवख्यांसाठी मार्गदर्शन

लहानपणी जीव टाकून पाहिलेली अंतराळमालिका अनेक वर्षांनी पुन्हा लावावी, पहिल्या वीस मिनिटांतच जांभया येऊ लागाव्यात आणि ‘हे आपल्याला आवडत तरी कसे होते’ असे म्हणत ती बंद करावी, हा अनुभव मी तीन मालिकांच्या बाबतीत घेतला आहे. त्यांपैकी दोन मालिकांचा त्यात काहीही दोष नव्हता. एकीची मला मिळालेली प्रत जाहिरातींसाठी कापलेली होती आणि दुसरीचे सहा भाग मी एकाच रात्री सलग पाहिले होते. तिसरी मात्र खरोखरच रटाळ निघाली. तिचे नाव मी येथे घेत नाही, कारण तिच्यावर जीव असणारी माणसेही मला ठाऊक आहेत.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की जुनी मालिका पाहून होणारी निराशा बहुतेक वेळा चुकीच्या प्रतीमुळे किंवा चुकीच्या वेगामुळे येते. पुढील पायऱ्या या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहेत. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या मालिका येथे गृहीत धरल्या आहेत. लहानपणीची एखादी अर्धवट आठवण घेऊन आलेला वाचक आणि यांतले काहीच न पाहिलेला वाचक, या दोघांनाही त्या उपयोगी पडाव्यात.

आधी जवळ असाव्यात अशा गोष्टी

- एक वही. मोबाइलमधील नोंदही चालते, पण कागदावर मागे वळून पाहणे सोपे जाते.
- निवडलेल्या मालिकेच्या भागांची यादी. तिच्यात प्रत्येक भागाची प्रक्षेपणाची तारीख, निर्मितीचा क्रमांक आणि मूळ लांबी असावी.
- अधिकृत वितरकाची डिस्क किंवा अधिकृत ऑनलाइन सेवा.
- डिस्क घेणार असाल तर तुमचा प्लेअर कोणता विभाग-संकेत (डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे हे सांगणारी खूण) वाचतो याची माहिती.
- टीव्हीचा रिमोट आणि त्याची माहितीपुस्तिका. ती कशासाठी, हे सहाव्या पायरीत येईल.

१. शोध घेण्याआधी आठवण लिहून काढा

मालिकेचे नाव आठवत नसेल तर लगेच शोधायला बसू नका. जे आठवते ते आधी लिहा: यानाचा आकार, एखादे यंत्र, शीर्षकसंगीत, एखाद्या पात्राचा पोशाख, भाग अर्ध्या तासाचा होता की तासाभराचा. शोध सुरू झाला की समोर येणारी चित्रे आठवणीत मिसळतात आणि मूळ आठवण कोणती होती हे पुन्हा वेगळे काढता येत नाही.

येथे दोन सापळे आहेत. पहिला रंगाचा. घरचा टीव्ही कृष्णधवल असेल तर रंगीत मालिकाही कृष्णधवलच आठवते, म्हणून ‘कृष्णधवल’ हा शब्द शोधाची अट म्हणून वापरू नका. मी एक मालिका दोन वर्षे केवळ याच कारणाने शोधत राहिलो. दुसरा सापळा नावाचा. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ १९७८ चीही आहे आणि २००० नंतरचीही. ‘लॉस्ट इन स्पेस’ १९६५ चीही आहे आणि २०१८ चीही. ‘द ट्वायलाइट झोन’ तर १९५९ नंतर तीन वेळा नव्याने काढली गेली. त्यामुळे नावापुढे वर्ष पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

दर भागात वेगळी कथा आणि वेगळे कलाकार असलेले काही आठवत असेल, तर बहुधा ‘ट्वायलाइट झोन’ आणि ‘द आउटर लिमिट्स’ या दोघींची सरमिसळ झालेली असते. पहिलीचे भाग, चौथे पर्व सोडले तर, अर्ध्या तासाचे असून निवेदक रॉड सर्लिंग पडद्यावर दिसतो. दुसरीचे भाग तासाभराचे असून निवेदक फक्त ऐकू येतो, आणि विचित्र प्राणी बहुतेक भागांत हमखास असतो.

२. पहिली मालिका लहान निवडा

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका १९६३ ते १९८९ अशी २६ पर्वे चालली. तिच्या पहिल्या भागापासून क्रमाने निघालेले बहुतेक नवखे प्रेक्षक वाटेतच थांबतात. सुरुवात करण्यासाठी माझी पसंती अशी आहे:

स्वतंत्र कथा हव्या असतील तर ‘ट्वायलाइट झोन’चे पहिले पर्व घ्यावे. एकूण १५६ भागांपैकी ९२ सर्लिंगने स्वतः लिहिलेले असल्यामुळे मालिकेचा सूर कुठेही फारसा ढळत नाही. चौथ्या पर्वातील अठरा भाग तासाभराचे आहेत आणि ते थोडे सैल वाटतात. ते शेवटी पाहावेत.

यान, कप्तान आणि दर आठवड्याला नवा ग्रह हवा असेल तर ‘स्टार ट्रेक’, १९६६ ते १९६९, ७९ भाग. तेवढाही वेळ नसेल तर १९६६ मध्येच पश्चिम जर्मनीत आलेली ‘राउमपाट्रोइले ओरिऑन’ पाहावी. तिचे भाग सातच असून यानाच्या नियंत्रणफलकावर कपड्यांच्या इस्त्रीची मूठ बसवलेली स्पष्ट दिसते. ती शोधण्यात जी गंमत आहे ती नव्या मालिकांच्या गुळगुळीत पडद्यांत मला सापडत नाही.

एकच कथा पुढे सरकत जाणारी मालिका हवी असेल तर ‘ब्लेक्स सेव्हन’ घ्यावी: १९७८ ते १९८१, चार पर्वे, प्रत्येकी तेरा भाग. पहिल्या पर्वाचे तेराही भाग टेरी नेशन याने एकट्याने लिहिले. तिच्या शेवटाविषयी काहीही वाचू नका आणि भागांच्या यादीतील शेवटच्या भागाचे चित्रही शक्य असल्यास झाकून ठेवा.

आणि ‘डॉक्टर हू’च हवी असेल तर जानेवारी १९७० मधील ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ या कथेपासून प्रवेश करावा. तेथे नवा नायक येतो, रंग येतो, आणि मागचे काही ठाऊक असण्याची गरज पडत नाही. आणखी एक कारण पुढच्या पायरीत आहे.

३. प्रत पारखून घ्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडा वेळ थांबावे लागेल.

प्रथम मालिका कशावर चित्रित झाली ते पाहा. बहुतेक अमेरिकी मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होत असत. अशा फिल्मचे नव्याने स्कॅनिंग करता येते आणि तेव्हाच्या टीव्हीवर कधीच दिसले नव्हते इतके स्वच्छ चित्र मिळते. अनेक ब्रिटिश मालिकांत मात्र स्टुडिओतील दृश्ये व्हिडिओ टेपवर आणि बाहेरची दृश्ये १६ मिलिमीटर फिल्मवर घेण्याची पद्धत होती. पात्र दारातून बाहेर पडले की चित्राचा पोतच बदलतो, हे पाहून प्रत सदोष आहे असे समजू नका. टेपवरील चित्रात जितक्या रेषा नोंदल्या गेल्या तितक्याच आज उपलब्ध आहेत, त्यामुळे अशा मालिकेच्या वेष्टनावर ‘हाय डेफिनिशन’ लिहिलेले असले तरी ती केवळ ताणून मोठी केलेली प्रतिमा असते. ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ संपामुळे पूर्णपणे फिल्मवर चित्रित करावी लागली, आणि त्या अडचणीमुळेच ती आज खऱ्या अर्थाने हाय डेफिनिशनमध्ये पाहता येते. उलट, ‘ट्वायलाइट झोन’च्या दुसऱ्या पर्वातील सहा भाग खर्च वाचवण्यासाठी टेपवर घेतले होते. ते मध्येच सपाट आणि नाटकाच्या तालमीसारखे दिसू लागतात. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा डिस्क बदलून मागितली होती.

दुसरी तपासणी लांबीची. १९६० च्या दशकातील तासाभराच्या अमेरिकी भागात साधारण ५० मिनिटांचा मजकूर असे. पुढे पुनःप्रक्षेपणात जाहिराती वाढवण्यासाठी त्यातून काही मिनिटे कापली जात, आणि कात्री बहुधा शांत संवादांवर चालत असे, कारण कथा त्यांच्यावाचूनही समजते. अशा प्रतीत मारामारी आणि धावपळ तेवढी उरते. ४४-४५ मिनिटांचा भाग दिसला तर संशय घ्या. मात्र ५० ऐवजी ४८ मिनिटे दिसली तर काही कापलेले असेलच असे नाही: सेकंदाला २४ चौकटींची फिल्म ‘पाल’ या युरोपात आणि भारतात रूढ असलेल्या टीव्ही पद्धतीत २५ चौकटींनी चालवली जाते, त्यामुळे ती चार टक्के लवकर संपते आणि आवाजही किंचित चढा लागतो. कान तयार असेल तर शीर्षकसंगीतातच हा फरक कळतो.

तिसरी तपासणी चौकटीची. या सर्व मालिका चारास तीन या प्रमाणात रचलेल्या आहेत. पडदा कडेपर्यंत भरलेला दिसत असेल तर एक तर चित्र आडवे ताणले आहे किंवा वरखाली कापले आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या ही चांगल्या प्रतीची खूण आहे.

चौथी बाब नव्या दृश्यपरिणामांची. ‘स्टार ट्रेक’ची २००६ पासून आलेली आवृत्ती संगणकावर नव्याने केलेली याने आणि ग्रह घेऊन येते. ब्लू-रे संचात जुने आणि नवे दोन्ही परिणाम निवडता येतात. पहिल्या वेळी जुनेच निवडा. नवे वाईट नाहीत, पण १९६६ च्या रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या खडकांशेजारी ते परक्या घरातून आल्यासारखे वाटतात. कृष्णधवल मालिकेला मागाहून रंग देण्याच्या प्रयोगांबाबतही मी असेच म्हणेन. ‘डॉक्टर हू’मधील डालेक या खलशत्रूंच्या पहिल्या कथेला २०२३ मध्ये रंग देण्यात आला, पण त्याच वेळी सात भागांची ती कथा ७५ मिनिटांवर आणली गेली. ओळख म्हणून ती पाहायला हरकत नाही, पण मूळ कथा पाहिल्याचे समाधान तिच्यातून मिळत नाही.

डिस्क घेताना विभाग-संकेत जुळतो का, हे पैसे देण्याआधी तपासा. डीव्हीडीचे संकेत अंकांत असतात आणि ब्लू-रेचे ए, बी, सी अशा अक्षरांत. मी एक पूर्ण संच याच घाईत घेतला आणि तो अजूनही न उघडल्यासारखा कपाटात आहे.

४. भागांचा क्रम ठरवा

निर्मितीचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम अनेकदा वेगळे असतात. ‘स्टार ट्रेक’मध्ये दुसरा पायलट भाग (मालिका मंजूर व्हावी म्हणून वाहिनीसाठी आधी केलेला नमुना-भाग) तिसऱ्या क्रमांकावर प्रक्षेपित झाला. त्यामुळे पहिल्या दोन भागांत डॉक्टर मॅकॉय दिसतो, तिसऱ्यात दुसराच डॉक्टर येतो, गणवेशही बदललेले असतात, आणि नंतर सर्व पुन्हा पूर्ववत होते. नवख्याला वाटते की आपले काहीतरी पाहायचे राहिले. निर्मितीच्या क्रमाने पाहिले तर हा घोळ होत नाही. ‘द केज’ हा नाकारला गेलेला पहिला पायलट मात्र सुरुवातीला पाहू नका. त्यातील बराचसा भाग ‘द मेनॅजरी’ या दोन भागांच्या कथेत गुंफला आहे आणि तेथे तो अधिक परिणाम करतो.

‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकेची गोष्ट याहून किचकट आहे. १७ भागांपैकी पहिला आणि शेवटचे दोन यांच्या जागा पक्क्या आहेत. मधल्या भागांच्या क्रमावर चाहत्यांचे कधीच एकमत झालेले नाही. पहिल्या वेळी प्रक्षेपणाचाच क्रम धरा आणि वादात नंतर पडा. ‘लॉस्ट इन स्पेस’च्या पहिल्या दोन पर्वांत प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या संकटाची सुरुवात दाखवलेली असते, म्हणून तेथे प्रक्षेपणाचा क्रम मोडूच नका.

५. हरवलेल्या भागांची तयारी ठेवा

टेप महाग होती, ती पुसून पुन्हा वापरता येत असे, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित असत, आणि रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. या कारणांनी १९६० च्या दशकातील ‘डॉक्टर हू’चे अनेक भाग पुसले गेले, आणि त्यांपैकी शंभरच्या आसपास भाग अजूनही सापडलेले नाहीत. जे परत मिळाले ते बहुधा परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्म-प्रतींमुळे: २०१३ मध्ये नायजेरियात नऊ भाग सापडल्याचे जाहीर झाले. हरवलेल्या सर्व भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवला होता.

म्हणून एखादी कथा निवडण्यापूर्वी तिचे किती भाग उपलब्ध आहेत ते यादीत पाहा. काही हरवलेल्या भागांसाठी मूळ आवाजावर अॅनिमेशन केलेले आहे. मला स्वतःला अॅनिमेशनपेक्षा नुसता आवाज आणि स्थिर छायाचित्रे अधिक भावतात, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याने अॅनिमेशनच घ्यावे. १९५३ च्या ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ या ब्रिटिश मालिकेचा प्रश्न वेगळा आहे. ती थेट सादर झाली, सहापैकी पहिले दोनच भाग फिल्मवर नोंदवले गेले, आणि उरलेले चार भाग कधी नोंदवलेच गेले नाहीत. ‘संपूर्ण मूळ संच’ असे लिहून कोणी ती विकत असेल तर तेथून निघा.

६. टीव्ही जुन्या चित्रासाठी तयार करा

नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुधा आधीपासून चालू असते. ती बंद करा, नाहीतर फिल्मवरील मालिकाही स्वस्त व्हिडिओसारखी दिसते. चित्राचे प्रमाण ‘मूळ’ ठेवा, तीक्ष्णता जवळजवळ शून्यावर आणा, आणि रंग भडक करणारे पर्याय टाळा. ‘द आउटर लिमिट्स’च्या आरंभी चित्र मुद्दाम हलते आणि एक आवाज तुमच्या टीव्हीत बिघाड नसल्याचे सांगतो, तेवढ्या एका प्रसंगी रिमोटला हात लावू नका.

आवाजाकडेही लक्ष द्या. ‘डॉक्टर हू’चे मूळ शीर्षकसंगीत १९६३ मध्ये डेलिया डर्बिशायर हिने सिंथेसायझरशिवाय, टेपचे तुकडे जोडून आणि ऑसिलेटर या विजेवर स्वर काढणाऱ्या उपकरणाचे स्वर टिपून घडवले. टीव्हीच्या आतल्या चपट्या स्पीकरवर त्यातले निम्मे हरवते, त्यामुळे साधे हेडफोन असले तरी लावा.

७. आठवड्याचा वेग पाळा

या मालिका आठवड्यातून एकदा पाहण्यासाठी लिहिल्या गेल्या. प्रत्येक भागात पात्रांची ओळख पुन्हा करून दिली जाते, धोका पुन्हा समजावला जातो, आधीच्या भागाचा शेवट पुढच्याच्या आरंभी पुन्हा दाखवला जातो. सात दिवसांनी येणाऱ्या प्रेक्षकासाठी ती सोय होती. सलग पाहणाऱ्याला मात्र ती उजळणी कंटाळा आणते. सहा भागांची ‘डॉक्टर हू’ची कथा एका बैठकीत अडीच तासांची होते आणि मधल्या दोन भागांतली बोगद्यांतली धावपळ असह्य वाटते. तीच कथा रोज एक भाग पाहिली तर त्या धावपळीत पुरेशी धाकधूक असते.

आठवडाभर थांबणे जमत नसेल तर दिवसाला एकाच मालिकेचा एकच भाग, एवढे तरी पाळा. भाग संपल्यावर वहीत दोन ओळी लिहा: काय लक्षात राहिले, पुढे काय होईल असे वाटते. हा मधला वेळ, ज्यात आपण मनातल्या मनात कथा पुढे नेत असू, तोच मला लहानपणच्या पाहण्यातील खरा ऐवज वाटतो, आणि पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय बंद केल्याशिवाय तो परत मिळत नाही.

८. मोजमाप त्या काळाचे ठेवा

‘स्टार ट्रेक’मध्ये माणसे किरणांतून ग्रहावर उतरतात, कारण दर आठवड्याला यान उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. अशा अडचणींतून निघालेल्या युक्त्या ओळखता येऊ लागल्या की पुठ्ठ्याच्या भिंतीही खुपेनाशा होतात. चुकलेल्या भविष्यवाण्यांना हसायला हरकत नाही: ‘लॉस्ट इन स्पेस’चे कुटुंब १९९७ मध्ये दुसऱ्या तारामंडळाकडे निघते, आणि ‘स्पेस: १९९९’मध्ये १३ सप्टेंबर १९९९ रोजी चंद्र आपली कक्षा सोडून जातो.

स्त्रियांचे आणि परक्या संस्कृतींचे चित्रण मात्र अनेक ठिकाणी खटकते. ते खटकू द्यावे. मुलांबरोबर पाहत असाल तर तो भाग आधी स्वतः पाहून घ्या आणि नंतर त्याविषयी मोकळेपणाने बोला.

९. शेवट नसलेल्या मालिकांसाठी मन तयार ठेवा

या काळातील मालिका बहुधा प्रेक्षकसंख्या घसरली की बंद होत, आणि कथा पूर्ण करण्याची संधी लेखकांना मिळत नसे. ‘लॉस्ट इन स्पेस’चे कुटुंब ८३ भागांनंतरही अंतराळातच आहे. ‘द टाइम टनेल’मधील दोघे शास्त्रज्ञ ३० भागांनंतरही घरी परतलेले नाहीत. ‘स्पेस: १९९९’चा चंद्र ४८ भागांनंतर कोठे गेला, याचे उत्तर मालिका देत नाही. ‘स्टार ट्रेक’चा ३ जून १९६९ रोजी दाखवलेला अखेरचा भाग इतर कोणत्याही भागासारखाच संपतो. निरोप नाही, मागे वळून पाहणे नाही, यान पुढे निघून जाते. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा डिस्कवर आणखी एखादा भाग राहिला आहे का, हे दोनदा तपासले होते.